वासावर भरवसा नको

व्हॅक्यूम पाकिटातल्या गोठवलेल्या मासळीवरच्या तुमच्या लेखातलं ‘वास आला नाही तर पाकीट बिनधास्त वापरा’ हे वाक्य पटलं नाही. बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या, हवा नसताना वाढणाऱ्या जिवाणूचा मासळीत आढळणारा ई प्रकार साधारण ३ अंश सेल्सिअसलाही वाढतो, आणि विष तयार झालं तरी वास येईलच असं नाही. आमची आजी कल्ला उघडून, नाकाला लावून सुरमई घ्यायची. पण ती पाटीतली मासळी होती, हवाबंद पाकिटातली नव्हे!

मागे एकदा मागवलेला गोठवलेला रावस घरी आला तो पार मऊ पडलेला. परत करताना पोऱ्या म्हणतो, ‘काकू, वास घेऊन बघा ना.’ व्हॅक्यूम पाकीट फ्रिजमध्ये वितळायला ठेवण्याआधी कापून हवा लागू द्यायची, हे लेखात हवंच होतं. रावसाच्या त्या पाकिटावर ते छापलं होतं, पण मुंगीएवढ्या अक्षरांत.