लाट शीळ रस्त्यावर का अडते? कल्याण ग्रामीणवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण नुसती तिखट नाही, म्हणून तिथेच दोन ओळींत उत्तर न देता वेगळं लिहितोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. कल्याण ग्रामीण विधानसभा मतदारसंघावर मी लिहिलं होतं. मानपाड्याच्या एका जुन्या रहिवाशाचं त्यावर म्हणणं असं, की कुठलं गाव कुठल्या महापालिकेत कधी गेलं, हे पाल्हाळ निकाल समजायला काही कामाचं नाही. हा मुळात सेनेचा मतदारसंघ, २००९ आणि २०१९ हे सेनेतल्या भांडणांमुळे झालेले अपघात, आणि २०२४ म्हणजे लाट अधिक लाडकी बहीण. शिवाय आगरी मतांवर बोलायचं मी शिताफीने टाळलं, असा टोला जाता जाता हाणलाय.

अपघातापासून सुरू करू. २००८च्या फेररचनेत हा मतदारसंघ तयार झाला, तेव्हापासून विधानसभेच्या चार निवडणुका झाल्या. २००९ला मनसेचे रमेश पाटील, २०१४ला शिवसेनेचे सुभाष भोईर, २०१९ला मनसेचे प्रमोद ऊर्फ राजू पाटील, २०२४ला शिंदेंच्या शिवसेनेचे राजेश मोरे. चार वेळा चार आमदार, एकही लागोपाठ दुसऱ्यांदा निवडून आलेला नाही. चारांपैकी दोन निकाल 'अपघात' म्हणून बाजूला काढायचे असतील, तर उरलेल्या दोनांना नियम कशाच्या जोरावर म्हणायचं?

२०१९च्या भांडणाबद्दल तुमचं निरीक्षण बरोबर आहे. विद्यमान आमदार भोईर यांना बाजूला सारून सेनेने ऐनवेळी रमेश म्हात्रे यांना उभं केलं, त्यावरून नाराजी झाली. पण आकडे बघा. २०१४ला भोईरांना ८४,११० मतं होती, २०१९ला म्हात्रेंना ८६,७७३ पडली. म्हणजे सेनेची मतं घटली नाहीत, उलट थोडी वाढली. खरी उडी मनसेची आहे: ३९,८९८ वरून ९३,९२७. यावर तुम्ही म्हणाल की २०१४ला सेना-भाजप वेगळे लढले होते, २०१९ला युती होती, मग सेनेची मतं बरीच जास्त वाढायला हवी होती. हे मला मान्य आहे, आणि तिथे नाराजीचा वाटा नक्की असणार. तरीही ७,१५४ मतांनी जिंकलेल्या माणसाने पाच वर्षांत चोपन्न हजार मतं नव्याने आणली, ती सगळी सेनेच्या रुसलेल्या घरांतून आली असं म्हणणं म्हणजे त्या माणसाच्या कामाला शून्य किंमत देणं झालं.

आता लाट. २०१९च्या मे महिन्यात कल्याण लोकसभेत श्रीकांत शिंदे सुमारे ३ लाख ४४ हजारांच्या फरकाने निवडून आले. मनसे ती निवडणूक लढलीच नव्हती. ऑक्टोबरमध्ये, पाच महिन्यांत, त्याच लोकसभेच्या सहा विधानसभांपैकी एक असलेल्या कल्याण ग्रामीणमध्ये सेना हरली. आणि हे काही राज ठाकरेंच्या सभांनी झालं असंही नाही. शेजारच्या डोंबिवलीत त्याच दिवशी मतदान होतं, तिथे मनसेचे मंदार हळबे भाजपच्या रवींद्र चव्हाणांकडून ४१,३११ मतांनी पडले. एकच पक्ष, एकच नेता, एकच दिवस. एका मतदारसंघात एकेचाळीस हजारांनी हार, लगतच्या मतदारसंघात सात हजारांनी जीत. त्या वर्षी राज्यभरात मनसेचा हा एकच आमदार आला. डोंबिवलीने २००९पासून चारही वेळा चव्हाणांनाच निवडलं आणि तिला लागून असलेल्या आमच्या भागाने दर वेळी माणूस बदलला. लाट दोन्हीकडे सारखीच आली असेल तर हा फरक कुठून आला?

माझं उत्तर त्याच 'पाल्हाळात' आहे, म्हणून ते परत सांगतो, या वेळी जरा नीट.

डोंबिवली मतदारसंघातला माणूस नळाला पाणी नाही आलं तर कुठे जायचं ते जाणतो. एकच महापालिका, आणि २०२०पर्यंत तर एका प्रभागाला एक नगरसेवक. कल्याण ग्रामीण तीन महापालिकांत वाटला गेलाय. दिवा, तिथून शीळ, डायघर, देसाई, खिडकाळी हा पट्टा ठाणे महापालिकेचा. कल्याण-शीळ रस्त्याच्या कडेची सोनारपाडा, मानपाडा, काटई, निळजे वगैरे गावं आणि एमआयडीसीचा परिसर कल्याण-डोंबिवलीकडे. दहिसर, पिंपरी, वाकलण, बाळे, भंडार्ली, उत्तरशिव अशी चौदा गावं नवी मुंबईकडे. या सगळ्यांचं मिळून एकच कोणी निवडलेलं असेल तर तो आमदार. खासदारही आहे, पण त्याच्या पदरात अंबरनाथ, उल्हासनगरपासून मुंब्रा-कळव्यापर्यंत सगळं येतं.

आणि ही वाटणीही स्थिर राहिलेली नाही. १९८३ला कल्याण महापालिका झाली तेव्हा कल्याण-शीळ रस्त्याकडची ही गावं धरून २७ गावं तिच्यात घातली. २००२ला बाहेर काढली. मग ग्रामपंचायती, आणि २००६पासून नियोजनाला एमएमआरडीए, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. जून २०१५मध्ये परत महापालिकेत. २०२०ला त्यांतली अठरा गावं काढून कल्याण उपनगर नावाची नगरपरिषद करायचं ठरलं, ते उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रद्द ठरवलं, कारण महापालिकेच्या सर्वसाधारण सभेशी सल्लामसलतच झालेली नव्हती. चौदा गावांचीही तीच तऱ्हा: नवी मुंबईत होती, २००७ला बाहेर पडली, २०२२ला परत घ्यायची घोषणा झाली आणि २०२४ला ती परत आत आली. बाहेर पडली तेव्हाही मागणी गावकऱ्यांचीच आणि आत आली तेव्हाही गावकऱ्यांचीच, हे हसण्यावारी नेऊ नका. महापालिकेत असलं की कर वाढतो आणि सोय येत नाही, बाहेर असलं की करही कमी आणि सोय तर नाहीच.

या ये-जा करण्याच्या काळातच इमारती उभ्या राहिल्या. २००२ ते २०१५ या मधल्या वर्षांत परवानगी नक्की कोणाची, हा प्रश्न विचारायच्या आत चौथा मजला पडलेला असायचा. तुम्ही मानपाड्यात राहता, तुम्हाला मी काय सांगणार. पाणी एमआयडीसीचं, पाण्याचं बिल ग्रामपंचायतीकडून महापालिकेकडे गेलेलं, रस्ता एमएसआरडीसीचा, म्हणजे राज्य रस्ते विकास महामंडळाचा, पूल रेल्वेचा, आराखडा एमएमआरडीएचा. अशा ठिकाणी मतदार विधानसभेला मत देताना कायदे करणारा माणूस शोधत नाही. पाच कार्यालयांत एकाच वेळी फोन करू शकेल असा माणूस शोधतो. म्हणजे नगरसेवकाकडून असते ती अपेक्षा तो आमदाराकडून धरतो, आणि नगरसेवकासारखाच त्याला पाच वर्षांनी बदलतोही. पक्ष त्याच्या लेखी दुय्यम आहे असं मी म्हणत नाही. पक्षाचा उपयोग काय, हे तो आधी बघतो, इतकंच.

म्हणून २०२४ मला लाटेपेक्षा वेगळं दिसतं. नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२०मध्ये संपली होती, कल्याण-डोंबिवलीची नोव्हेंबर २०२०मध्ये, ठाण्याची मार्च २०२२मध्ये. तिन्हीकडे प्रशासक. जानेवारी २०२६मध्ये निवडणुका होईपर्यंत हेच चाललं. म्हणजे २०२४ला मतदान झालं तेव्हा या मतदारसंघात एकही नगरसेवक पदावर नव्हता. प्रशासक नेमतं राज्य सरकार, निधी देतं राज्य सरकार, तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे ठाण्याचे, खासदार त्यांचे चिरंजीव. फोन कुठे लागतो हे मतदाराला कळत होतं. त्यात राजू पाटलांची अडचण अशी, की ते २०१९ला ठाकरे सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावेळी तटस्थ राहिले, जुलै २०२२मध्ये शिंदे सरकारच्या बाजूने मत दिलं, आणि मे २०२४मध्ये त्यांच्या पक्षाने श्रीकांत शिंदेंचा प्रचार केला. सहा महिन्यांपूर्वी ज्यांच्यासाठी मतं मागितली, त्यांच्याच उमेदवाराविरुद्ध मतं मागायची. मग मतदाराने सरळ सरकारचाच माणूस निवडला. मोरेंना १,४१,१६४, पाटलांना ७४,७६८, ठाकरेंच्या सेनेकडून उभ्या राहिलेल्या भोईरांना ७०,०६२.

(पाटील आणि भोईर यांची मतं एकत्र केली तर मोरेंपेक्षा साडेतीन हजारांनी जास्त भरतात, हे दुसऱ्या एका वाचकाने लिहिलंय. बेरीज बरोबर, पण इंजिनाचा मतदार मशालीकडे गेला असता हे गृहीत धरायला मला आधार सापडत नाही.)

लाडक्या बहिणीचा परिणाम झाला नाही असं मी कुठेही लिहिलेलं नाही. झालाच. पण दीड हजार रुपये डोंबिवलीतही मिळाले आणि कल्याण पूर्वेतही. त्यातून महायुतीची मतं का वाढली हे कळतं. दोन माजी आमदार मैदानात असूनही डोंबिवली शहरातल्या, गावकीबाहेरच्या माणसाला इथे सहासष्ट हजारांचं मताधिक्य का मिळालं, ते त्यातून कळत नाही.

आणि इथेच तुमचा आगरी मतांचा मुद्दा येतो. टाळला नव्हता, पण त्याला केंद्रस्थानी बसवलं नव्हतं हे खरं. पहिले तिन्ही आमदार आगरी, त्यातले दोघे तर सख्खे भाऊ. गावाच्या पातळीवर नातीगोती, जत्रा, क्रिकेटचे सामने, साखरपुडे यांतूनच उमेदवार ठरतो हे मी नाकारत नाही. २७ गावांच्या संघर्ष समितीच्या बैठकांत सगळ्या पक्षांचे आगरी पुढारी एका सतरंजीवर बसतात आणि बाहेर पडले की वेगवेगळ्या गाड्यांत बसतात. पण तिन्ही प्रमुख उमेदवार आगरी असतील तर 'आगरी मत' निकाल ठरवत नाही, फक्त स्पर्धकांची यादी ठरवतं. निकाल ठरवतो बाकीचा मतदार, आणि तो आता गावठाणाच्या बाहेर राहतो. पलाव्यासारखं अख्खं शहर खोणी-निळज्याच्या शेतांत उभं राहिलं. तिथल्या माणसाला गावकीशी देणंघेणं नाही. त्याला सकाळी डोंबिवली स्टेशन गाठायचं असतं, आणि दिवा-पनवेल मार्गावरचं निळजे स्टेशन हाताशी असूनही तिथून गाड्या मोजक्याच.

दिव्याबद्दल तुम्ही 'बाहेरून आलेल्यांचं ठाणं, पैसे दिले की मत' असं लिहिलंय. हे मला पटलं नाही आणि आवडलंही नाही. दिव्यात राहणारा बहुतांश माणूस कोकणातून, घाटावरून आलेला आहे, मुंबईत घर परवडत नाही म्हणून आलेला आहे. २ जानेवारी २०१५ला गाड्या बंद पडल्या म्हणून तिथे रेल्वे रोखली गेली, दगडफेक झाली. त्यानंतर २०१६च्या डिसेंबरात जलद गाड्या दिव्याला थांबायला लागल्या. कचऱ्याच्या डोंगराविरुद्ध तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं आरडाओरडा केला, तेव्हा ठाण्याचा कचरा दिव्याहून भंडार्लीला हलला. म्हणजे मतदारसंघाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला, ठाणे महापालिकेच्या हद्दीतून चौदा गावांत! दिवेकर सुटला, भंडार्लीकर चिडला, आणि दोघांचा आमदार एकच. याहून सोपं उदाहरण मला देता येणार नाही. नकाशा बघितल्याशिवाय हे भांडण कळतच नाही, म्हणून तर तो नकाशा लेखात होता.

एका बाबतीत तुमची सूचना घ्यावी असं वाटतं. गावठाण, दिवा, पलावा, एमआयडीसी असे चार तुकडे मी आधीच्या लेखात पाडले, पण कुठल्या तुकड्याने कोणाला किती मतं दिली हे दाखवलं नाही, असं तुम्ही म्हणता. निवडणूक आयोगाच्या फॉर्म २०मध्ये केंद्रनिहाय आकडे असतात. त्रास असा की केंद्रांचे क्रमांक आणि जागा दर निवडणुकीला सरकतात, २०२४ला तर मोठ्या गृहसंकुलांच्या आतही केंद्रं आली. त्यामुळे २०१९चं अमुक केंद्र म्हणजे २०२४चं कोणतं, हे गावातल्या माणसालाच जुळवता येईल. मतदारसंघाच्या सीमाही अजून २००१च्या जनगणनेवरच्या आहेत, तेव्हा पलावा नव्हताच. पुढची फेररचना होईल तेव्हा हे चार तुकडे एकत्र राहतील याची खात्री नाही, त्यामुळे हे काम आत्ताच व्हायला हवं.

मानपाडा, सोनारपाडा आणि सागाव या तीन ठिकाणच्या केंद्रांची यादी मी लावून ठेवतो. शाळांची जुनी नावं आणि गल्ल्या तुम्हाला पाठ असतील, तेवढ्या जुळवून द्याल का?