बाप्तिस्म्याविना दगावलेल्या बाळांबद्दलचा तो मेसेज: खुलासा

‘बाप्तिस्मा न होता मेलेलं बाळ नरकात जातं, ही सर्व चर्चेसची शिकवण आहे,’ असा मेसेज सध्या फिरतोय. हे खरं नाही. (बाप्तिस्मा म्हणजे पाण्याने दिली जाणारी ख्रिस्ती दीक्षा.) कृपया तो पुढे पाठवू नका. मूल गमावलेल्या आईवडिलांपर्यंतही तो पोहोचतो.

हा समज अगदी हवेतून आलेला नाही. अशा बाळांनाही शिक्षा होते, फक्त ती सर्वांत सौम्य असते, असं पाचव्या शतकात संत ऑगस्टीन मानत. पुढे मध्ययुगात ‘लिंबो’ची, म्हणजे यातना नसलेल्या पण देवदर्शनही नसलेल्या अवस्थेची, कल्पना रुजली. तिला कॅथलिक चर्चने श्रद्धासिद्धान्ताचा दर्जा कधीच दिला नाही. चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथातला परिच्छेद १२६१ अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवतो. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईश्वरविद्या आयोगानेही त्यांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं असल्याचं म्हटलं. खात्री नव्हे, आशा. हा फरक मुद्दाम नोंदवतो.

आता ‘सर्व चर्चेस’. बॅप्टिस्ट मंडळ्या तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देतच नाहीत. आधी विश्वास, मग पाणी. क्वेकर आणि साल्व्हेशन आर्मी हे ख्रिस्ती पंथ पाण्याचा बाप्तिस्मा पाळत नाहीत. लूथरन चर्च मात्र तान्ह्यांनाही देतं. म्हणजे बाप्तिस्म्याबाबतच सर्व चर्चेसचं एकमत नाही.

मेसेजमध्ये बायबलमधल्या मार्क १६:१६ चा आधार दिलाय. पण त्या वचनाच्या उत्तरार्धात दंड सांगितलाय तो विश्वास न ठेवणाऱ्याला. बाप्तिस्म्याचा तिथे उल्लेखही नाही. नेमका तोच भाग मेसेजमधून गळालाय.