ग्रीनस्टेडचं लाकडी चर्च ८४५ सालचं नाही

एसेक्समधल्या ग्रीनस्टेड या खेड्यातल्या सेंट अँड्र्यूज चर्चचा फोटो अधूनमधून फिरत असतो. खाली मजकूर: ‘सन ८४५. जगातली सर्वात जुनी लाकडी इमारत, आजही जशीच्या तशी. भिंतीतल्या भोकातून कुष्ठरोगी प्रार्थना ऐकत.’ फोटो अस्सल आहे, मजकूर नाही.

८४५ हा आकडा जुन्या वलयमोजणीतून, म्हणजे लाकडात दरवर्षी पडणाऱ्या वलयांवरून वय काढण्यातून, आलेला. १९९५ मध्ये ती सुधारित पद्धतीने पुन्हा झाली, तेव्हा शेवटचं शिल्लक वलय १०५३ सालचं निघालं. म्हणजे झाड १०५३ मध्ये तोडलं असंही नव्हे. ओकचा गाभा शतकानुशतकं टिकतो. सालीलगतचं पांढुरकं लाकूड मात्र किडे खातात किंवा सुतारच तासून टाकतो. इंग्लिश ओकमध्ये या पट्ट्यात साधारण १० ते ५५ वलयं असतात. ती १०५३ मध्ये मिळवली की तोडणी १०६३ ते ११०८ च्या दरम्यान येते. त्यामुळे १०१३ मध्ये संत एडमंडचं, म्हणजे नवव्या शतकात मारल्या गेलेल्या इंग्लिश राजाचं, शव ‘याच भिंतींच्या आत’ विसावलं असं सांगतात, तेही जमत नाही. तेव्हा इथे आधीचं एखादं लाकडी देऊळघर असेल, तर ते वेगळं. चॅन्सेलच्या, म्हणजे वेदीकडच्या भागाच्या, जमिनीखाली तशा जुन्या बांधकामांच्या खुणा सापडल्या आहेत.

‘जशीच्या तशी’ म्हणाल, तर जुन्या आहेत त्या फक्त मधल्या दालनाच्या, नेव्हच्या, भिंती. ओकचे ओंडके उभे चिरून गोल बाजू बाहेर आणि सपाट बाजू आत ठेवलेली. सपाट बाजूवर वाकसाचे घाव आजही दिसतात. शेजारच्या दोन ओंडक्यांच्या कडांना खाच पाडून मधे लाकडाची पट्टी सरकवलेली, म्हणजे लाकूड आकसलं तरी फटीतून वारा-पाऊस आत येत नाही. कोपऱ्यात अख्खा ओंडका, त्याचा आतला पाव भाग कापलेला. या बांधणीचं दुखणं बुडाशी: उभ्या लाकडाचं टोक ओल वर शोषतं आणि जमिनीलगत, जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात, तिथेच ते कुजतं. म्हणून १८४८ च्या दुरुस्तीत कुजलेली बुडं कापून ओंडके विटांच्या जोत्यावर बसवले. आजची भिंत मूळ उंचीची नाहीच. विटांचं चॅन्सेल ट्यूडर काळातलं. फळ्यांचा मनोरा आणि छपरातल्या खिडक्याही नंतरच्या.

‘सर्वात जुनी लाकडी इमारत’ हा मान जपानमधल्या नारा भागातल्या होर्यूजी या बौद्ध मंदिराकडे जातो, तो कित्येक शतकांच्या फरकाने. ‘सर्वात जुनं उभं लाकडी चर्च’ एवढंच म्हटलं तर भांडायचं कारण नाही; नॉर्वेचं प्रसिद्ध उर्नेस साधारण ११३० चं आहे.

राहिलं भोक. इंग्लंडात कितीतरी चर्चच्या लहानशा झरोक्यांना ‘कुष्ठरोग्यांची खिडकी’ हे नाव फार उशिरा चिकटलं. त्या काळी कुष्ठरोग्यांसाठी स्वतंत्र आश्रम असत, आणि त्यांचं स्वतःचं प्रार्थनाघरही. एसेक्समध्येच इलफर्डला बाराव्या शतकात तसा आश्रम निघाला होता. ग्रीनस्टेडचं भोक जुन्या दाराजवळ आहे. कोण येतंय ते आतून पाहायला किंवा तीर्थजलाच्या भांड्यासाठी, ही कारणं जास्त पटणारी.