आयुष्मान कार्डावर 'सगळं फुकट'? थोडा खुलासा

वर्तकनगरातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कालपासून फिरतंय: 'सत्तरी झालेल्यांना आयुष्मान कार्डावर कुठल्याही हॉस्पिटलात सगळं फुकट.' अर्धंच खरं आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० आणि त्यावरच्यांना उत्पन्नाची अट नाही, हे बरोबर. पण ५ लाखांपर्यंतचे उपचार वर्षाला, तेही आयुष्मान भारत या सरकारी आरोग्य योजनेच्या यादीतल्या हॉस्पिटलात भरती झाल्यावरच. घरात आजी-आजोबा दोघं असतील तर रक्कम दोघांत मिळून. ओपीडी, म्हणजे भरती न होता केलेली तपासणी-औषधं, यात नाही. शेजारचे काका आज कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून शुगर तपासायला गेले आणि काउंटरवरूनच परतले. बीपी-शुगरसाठी महापालिकेचं आरोग्य केंद्र गाठा. तिथे आजार वेळेत सापडला तर भरतीची पाळीच कमी येते. (हे मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही!) भरतीआधी हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदत कक्षावरच्या माणसाला) नक्की विचारा.