पाच गावं एका दिवसात? कशाला!

इटलीच्या किनाऱ्यावरच्या 'चिंक्वे तेर्रे' या पाच गावांवरचा लेख छान, पण 'पाचही गावं एका दिवसात उरका' हे काही पटलं नाही. आम्ही दोघं मे महिन्यात चार दिवस त्यातल्याच व्हेर्नात्सात राहिलो, तरी एक गाव नीट बघायचं राहिलंच.

शेजारच्या मोंतेरोस्सो गावापासून व्हेर्नात्सापर्यंतची पायवाट जेमतेम साडेतीन किलोमीटर, पण पायऱ्या घाम काढतात. दोन तास धराच. वाट इतकी अरुंद की समोरून कुणी आलं की एकाने भिंतीला चिकटून उभं राहायचं. ती भिंतही बघण्यासारखी: ना चुना, ना सिमेंट, नुसता दगडावर दगड, थेट आमच्या कोकणातला गडगा! त्याच्या आधारावर द्राक्षं आणि लिंबं. मग एका वळणावर खाली अचानक व्हेर्नात्सा दिसतं, पिवळी-गुलाबी घरं अन् इवलंसं बंदर. बायको चक्क मिनिटभर गप्प होती. २०११ च्या पुरात हेच गाव चिखलाने भरलं होतं, हे आज सांगूनही खरं वाटत नाही.

पाचातल्या कोर्निलियाचा मात्र लेखात इशारा द्यायला हवा होता. स्टेशनवरून गावात चढायला पावणेचारशेच्या वर पायऱ्या आहेत! आईबाबा सोबत असतील तर सरळ छोटी बस पकडा. आणि वाटेवर साध्या चपला घालून जाऊ नका, दंड होतो. आम्ही बूट घातले होते, पण पाणी एकच बाटली. उरलेला चढ लिंबाच्या सरबताच्या आशेवर काढला.