खदिजा दिऊफचा अर्ज

समाजमाध्यमांतून फिरणाऱ्या एका मजकुराचे म्हणणे असे, की ‘इस्लामोफोबिया’ (इस्लाम व मुस्लिमांविषयीची भीती किंवा द्वेष) हा शब्द इराणच्या मुल्लांनी 1979 च्या क्रांतीनंतर टीकाकारांची तोंडे बंद करण्यासाठी घडवला. शिवाय, त्याच मजकुराच्या मते, पाश्चात्य देशांत मुस्लीम तरुणांना कोणी अडवत नाही, आणि अडवलेच तर ते परके म्हणून किंवा ते स्वतः मिसळत नाहीत म्हणून.

पहिले विधान थोडक्यात निकालात काढता येते. हा शब्द फ्रेंच लेखनात 1910 च्या सुमारासच आढळतो, आणि तोही पश्चिम आफ्रिकेतील वसाहतींच्या कारभारावर लिहिणाऱ्यांकडे. धर्मचिकित्सेचा हक्क मला पूर्णपणे मान्य आहे; मात्र पुढील उदाहरणात चिकित्सा कुठेच नाही.

2009 मध्ये फ्रान्समध्ये संशोधकांनी नोकरीसाठी दोन कल्पित तरुणींचे अर्ज पाठवले. शिक्षण आणि अनुभव सारखाच, आडनावही दिऊफ हे एकच सेनेगली. फरक होता तो धर्म सुचवणाऱ्या तपशिलांचा; जसे, मारी ही कॅथलिक स्काउट संघटनेची सदस्य होती आणि खदिजा मुस्लीम स्काउट संघटनेची. मारीला शंभरातल्या 21 ठिकाणांहून अनुकूल उत्तर आले, खदिजाला केवळ 8. परकेपणा हेच कारण असते, तर सेनेगली आडनावाची मारीही तितकीच मागे पडायला हवी होती.

न मिसळण्याच्या आरोपाचे काय? स्काउटमध्ये जाणे हे मिसळणे नव्हे, तर मग मिसळणे म्हणजे काय, हे मला तरी उमगत नाही. 2008 मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजचे मुस्लीम विद्यार्थी राफ्टिंगला गेले, अमेरिकी विद्यार्थी जातात तसेच. फक्त त्यांच्यासोबत वेश पालटलेला एक पोलीसही होता, आणि त्याच्या अहवालात मुले दिवसातून किती वेळा नमाज पढतात याची नोंद झाली. याच पोलीस दलाच्या, मुस्लीम वस्त्यांची माहिती जमवणाऱ्या शाखेला सहा वर्षांत तपासाचा एकही धागा मिळाला नाही, अशी साक्ष 2012 मध्ये एका वरिष्ठ अधिकाऱ्यानेच दिली. 2014 मध्ये ती शाखा बंद झाली. पाळत उघडकीस आल्यावर मात्र विद्यार्थी मंडळांत नव्या सदस्याकडे खबऱ्या म्हणून पाहिले जाऊ लागले, आणि कित्येकांनी राजकारणावर बोलणेच सोडले.