भोंगा वाजला, पण जायचे कुठे?

फ्लोरिडातल्या टॅम्पाजवळ राहायला येऊन मला अकरा वर्षे झाली. द्वीपकल्पाच्या दोन्ही किनाऱ्यांवरून आत येणारे दमट वारे एकमेकांना भिडतात, त्यामुळे इथे जून ते सप्टेंबर जवळजवळ रोज दुपारी आभाळ भरून येते. मुलाच्या फुटबॉलच्या सरावात गडगडाट ऐकू आला, की प्रशिक्षक शिट्टी फुंकतात आणि दोन मिनिटांत मैदान रिकामे होऊन सगळे आपापल्या गाड्यांत जाऊन बसतात. शेवटच्या गडगडाटापासून ३० मिनिटे मोजायची; एकोणतिसाव्या मिनिटाला पुन्हा गडगडले, तर मोजणी पुन्हा शून्यापासून. डोक्यावर लख्ख ऊन असताना चाललेला हा प्रकार पहिल्या वर्षी मला भित्रेपणाचा वाटला होता; परंतु गडगडाट कानांवर येण्याइतका ढग जवळ असेल, तर त्यातली वीजही आपल्यापर्यंत पोहोचू शकते.

माझे गाव धाराशिव जिल्ह्यात आहे. तिथे वळवाच्या दिवसांत आणि पुन्हा परतीच्या पावसात माणसे व जनावरे दगावल्याच्या बातम्या येतात आणि दर वेळी तोच वाद रंगतो. वीज कोसळणे ही राष्ट्रीय आपत्ती म्हणून जाहीर करावी, असे काहींचे म्हणणे. वारसांना मिळणारे ४ लाख रुपये वेळेवर मिळावेत, असे दुसऱ्यांचे. आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेले, वीज पडण्याचा इशारा देणारे ‘दामिनी’ ॲप मोबाइलवर घेतले की काम झाले, असे तिसऱ्यांचे. (पायाळू माणसावर वीज पडते, असे मानणारे चौथे, त्यांच्याशी वाद घालणे मी सोडून दिले आहे.)

गेल्या ऑक्टोबरमध्ये काकांशी फोनवर बोलताना मी ॲपचीच बाजू घेतली. सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री ओढायला ते शेतात गेले होते. ते म्हणाले, “वाजलं की रे ॲप. पण जावं कुठं? गाव अडीच किलोमीटर, अन् बांधावर एक लिंबाचं झाड.” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण ते झाड हेच सर्वांत वाईट ठिकाण होते. झाडावर पडलेली वीज खोडावरून बाजूच्या माणसाकडे उडी घेते, शिवाय मुळाशी जमिनीत पसरते. पुढच्या आणि मागच्या पायांत बरेच अंतर असल्यामुळे झाडाला बांधलेली गुरे तर हमखास सापडतात. चार खांबांवरचा पत्रा निवारा देत नाही, ना बिनछताचा ट्रॅक्टर. वाचवते ती भिंती-छताची पक्की इमारत किंवा पत्र्याच्या बंद टपाची गाडी, आणि तीही रबरी टायरांमुळे नव्हे, तर वीज तिच्या धातूच्या बाहेरच्या अंगावरून जमिनीत उतरते म्हणून.

अमेरिकेत १९४० च्या दशकात विजेने वर्षाला ३०० हून अधिक माणसे मरत असत. आता सुमारे २० मरतात. भारतात २०२२ या एका वर्षात २,८८७ मृत्यूंची नोंद झाली. इकडची घट शिस्तीने झाली असे इथे अभिमानाने सांगितले जाते आणि ते काही अंशी खरेही आहे. पण त्याच काळात इथली माणसे मोठ्या संख्येने शेतातून कारखान्यांत आणि कार्यालयांत गेली, हे सांगताना आवाज खाली येतो. माझ्या मुलाला अर्धा तास गाडीत बसवून ठेवण्याची किंमत शून्य आहे. भिजलेल्या सोयाबीनची किंवा रोजगारावर आलेल्या बाईच्या बुडालेल्या अर्ध्या दिवसाची तशी नाही.

म्हणून इशारा ऐकूनही शेतकरी हलत नाहीत, अशी तक्रार करणाऱ्यांशी मी आता सहमत होऊ शकत नाही. इशाऱ्याइतकाच खर्च शिवारात व्हायला हवा. पाणंद रस्त्याच्या कडेला, दहा मिनिटांत पायी गाठता येईल अशा अंतरावर, वीजरोधक बसवलेली एकेक पक्की खोली असावी. एका मृत्यूमागे सरकार जेवढे देते, तेवढ्यात तशी एक खोली उभी राहील, असा माझा अंदाज आहे. ढग ओसरेपर्यंतची मजुरीही कापली जाऊ नये. काकांना मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तो खोलीच्या कुलपाची किल्ली कोणाकडे राहील हा.